कॅन्सरच्या पेशंटला तेल लावताना: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरच्या माणसांसाठी

आपल्याकडं अंग चोळायला कुणाला शिकवावं लागत नाही. बाळ-बाळंतिणीला चोळायला बाई येते, नरकचतुर्दशीला पहाटे तेल-उटणं असतं, तालमीतली पोरं एकमेकांची अंगं रगडतात, भातलावणीच्या दिवसांत रात्री आईचे पाय चेपून दिले जातात. म्हणून घरात कुणाला कॅन्सर निघाला की दोनपैकी एक गोष्ट होते. "अंग लई दुखतंय म्हणतोय, जरा चांगलं रगडून काढ की," असं कुणीतरी म्हणतं आणि दुसरं कुणीतरी बाह्या सारून बसतं. नाहीतर अगदी उलट होतं. ताट-तांब्या वेगळा होतो, नातवंडांना लांब ठेवलं जातं, आणि महिनोन्‌महिने त्या माणसाच्या अंगाला सिस्टरच्या सुईशिवाय कशाचाच स्पर्श होत नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. बेळगाव शहरात आणि खानापूर-निपाणीच्या बाजूला घरोघरी जाऊन पेशंट बघते. या दोन्ही तऱ्हा मी इतक्यांदा पाहिल्यात की घरच्या माणसांना नेहमी जे तोंडी सांगते ते एकदा नीट लिहून काढावं असं वाटलं. धोका जोर लावण्यात आहे, हात लावण्यात नाही. बाकी सगळं यातूनच येतं.

यानं काय होतं आणि काय होत नाही

मसाजनं गाठ विरघळत नाही. कॅन्सर बरा होत नाही. केमो, रेडिएशन, ऑपरेशन किंवा दुखण्याच्या गोळ्या यांच्या जागी मसाज चालत नाही. कुणी तसं सांगून पैसे मागत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा.

होतं ते एवढंच: दुखणं थोडं कमी होतं, जीव घाबराघुबरा होणं कमी होतं, झोप लागायला मदत होते. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॅन्सर पुढच्या टप्प्यात गेलेल्या ३८० माणसांचे दोन गट केले होते. एका गटाला शिकलेल्या माणसाकडून मसाज, दुसऱ्या गटाला फक्त अंगावर हात ठेवणं, एकेका जागी तीन-तीन मिनिटं. दोन आठवड्यांत अर्ध्या-अर्ध्या तासाच्या जास्तीत जास्त सहा बैठका. मसाज झाल्या झाल्या दुखणं आणि मन यांत मसाजच्या गटाला जास्त फरक पडला. पण नुसता हात ठेवलेल्या गटालाही बरं वाटलं, आणि काही दिवसांनी दोन्ही गटांत मोठा फरक उरला नाही. यातून मी दोन गोष्टी घेते. आराम त्या दिवसापुरता असतो, म्हणून एकदाच तासभर करण्यापेक्षा रोज थोडं करावं. आणि ज्याला काहीच येत नाही त्याचा हातही उपयोगाचा आहे. अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संस्थेनं २०२२ मध्ये दुखण्याबद्दल ज्या शिफारशी दिल्या, त्यांतही स्तनाच्या कॅन्सरच्या उपचारांनंतर मागं राहिलेल्या दुखण्यासाठी आणि शेवटच्या टप्प्यातल्या काळजीत मसाज धरलेला आहे.

"चोळल्यानं पसरत न्हाई न्हवं?" हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. हलक्या हाताच्या मसाजनं कॅन्सर पसरतो असा पुरावा नाही. माणूस चालतो, जिना चढतो, तेव्हाही रक्त अंगभर फिरतच असतं. मात्र खुद्द गाठीवर आणि तिच्या भोवताली हात चालवायचा नाही. आणि कॅन्सर शिवल्यानं लागत नाही. पोरांना आजीजवळ बसू द्या.

पहिली पायरी: फाईल उघडा

आपल्या माणसांची फाईल म्हणजे पिशवीच असते. सुरुवात बेळगावातच, बिम्सच्या सरकारी दवाखान्यात किंवा केएलईच्या दवाखान्यात, मग कुणी मिरजेला, कुणी कोल्हापूरला, कुणी हुबळीला, कुणी बेंगळुरूच्या किदवईला, आणि कितीतरी जण रात्रीच्या गाडीनं मुंबईला टाटामध्ये. प्रत्येक ठिकाणचे कागद त्याच पिशवीत. ते सगळं तुम्हाला कळायची गरज नाही. पुढच्या भेटीत डॉक्टरांना पाच गोष्टी विचारा आणि उत्तरं तारखेसह फाईलच्या पुठ्ठ्यावर मराठीत लिहून ठेवा. दवाखान्यात कुणी कन्नडमध्ये बोललं, कुणी इंग्रजीत, तरी अडायचं कारण नाही. प्लेटलेट, केमो, स्कॅन हे शब्द सगळीकडं तेच आहेत, आणि तापाला "ज्वर" म्हटलं की कन्नड सिस्टरलाही कळतं.

पहिली गोष्ट, प्लेटलेट किती आहेत. रक्त गोठवणाऱ्या या पेशी निरोगी माणसात रक्ताच्या दर मायक्रोलिटरमागं साधारण दीड ते साडेचार लाख असतात. केमोनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास त्या बऱ्याचदा खाली येतात. ५० हजारांच्या खाली असतील तर चोळणं, दाबणं पूर्ण बंद. डॉक्टर हो म्हणाले तर नुसता हात ठेवायचा.

हे मी स्वतः चुकून शिकले. कामाची सुरुवातीची वर्षं होती. केमो चालू असलेल्या एका मावशींच्या पोटऱ्यांवरून मी फार हलक्या हातानं, असं मला वाटत होतं, अंगठे फिरवले. रिपोर्ट मागितला नव्हता. दुसऱ्या दिवशी गेले तर दोन्ही पोटऱ्यांवर माझ्या अंगठ्यांचे निळे-जांभळे डाग उठलेले. मावशी म्हणाल्या, "दुखत न्हाई गं, राहू दे की." मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. तेव्हापासून मी आधी कागद बघते, मग हात धुते.

दुसरी गोष्ट, कॅन्सर हाडांत गेलाय का. स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस, मूत्रपिंड, थायरॉइड यांचे कॅन्सर हाडांत जाऊ शकतात, आणि तसं हाड आतून पोखरल्यासारखं होतं. बाहेरून काहीच दिसत नाही. पेशंट एवढंच म्हणतो, पाठीत उसण भरली. अशा पाठीवर कुणी गुडघा दिला, मणके "बसवले", तर हाड मोडू शकतं आणि मज्जारज्जू दबून पाय कायमचे जाऊ शकतात. कॅन्सरच्या पेशंटची पाठ नव्यानं दुखू लागली, रात्री आडवं झाल्यावर दुखणं वाढलं, पायांतली ताकद कमी झाली, लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर तेलाची वाटी खाली ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. सकाळची वाट बघू नका.

तिसरी, पायात किंवा दुसरीकडं रक्ताची गुठळी झाली होती का, रक्त पातळ करायचं औषध चालू आहे का. चौथी, ऑपरेशनात काखेतल्या, मानेतल्या किंवा जांघेतल्या लसिकागाठी (अंगातलं पाणी गाळणाऱ्या छोट्या गाठी, कॅन्सरची गाठ नव्हे) काढल्यात का आणि कुठल्या बाजूच्या. पाचवी, रेडिएशन अंगाच्या कुठल्या भागाला दिलंय किंवा चालू आहे.

दुसरी पायरी: त्या दिवशीचं अंग बघा

डॉक्टरांनी हो म्हटलं ते गेल्या महिन्यात. अंग रोज बदलतं, म्हणून रोज आधी दोन मिनिटं बघायचं.

थर्मामीटर लावा. केमो चालू असताना १००.४ फॅरनहाइट किंवा त्याच्या वर ताप म्हणजे ताबडतोब दवाखान्यात फोन करायचा. तापाची गोळी देऊन सकाळपर्यंत थांबायचं नाही, कारण पांढऱ्या पेशी कमी असताना जंतुसंसर्ग फार लवकर अंगभर पसरतो. ताप असताना मसाज नाहीच.

मग अंगावर नवे डाग उठलेत का, हिरड्यांतून रक्त येतंय का, कुठली जागा लाल आणि गरम आहे का, ते पाहा. दोन्ही पाय शेजारीशेजारी ठेवून बघा.

पायाचं मी जरा सविस्तर सांगते. खानापूर तालुक्यातल्या एका घरी गेले होते. काका आदल्या दिवशी मुंबईहून आलेले, रात्रभर बसून प्रवास. डावा पाय सुजला होता. घरच्यांना वाटलं, गाडीत पाय लोंबकळून सूज आली. सुनेनं तेल गरम करून ठेवलं होतं, थोरला मुलगा पाय चोळायला बसणार इतक्यात मी पोचले. मी शिलाईची टेप मागितली. गुडघ्याच्या खाली चार बोटं अंतर धरून दोन्ही पोटऱ्या एकाच उंचीवर मोजल्या. डावी उजवीपेक्षा चार सेंटीमीटर जास्त भरली, आणि हाताला गरम लागत होती. तेल तसंच ठेवून गाडी काढली, बेळगावला नेलं. सोनोग्राफीत खोलवरच्या शिरेत गुठळी निघाली. ती चोळली असती तर सुटून फुप्फुसात जाऊ शकली असती. कॅन्सरमध्ये रक्त गोठण्याकडं कल असतो, त्यात लांबचा बसून प्रवास. म्हणून एकच पाय सुजलेला, दुखरा किंवा गरम असेल तर त्याला हात लावायचा नाही. दोन पोटऱ्यांत तीन सेंटीमीटरहून जास्त फरक आला तर ते डॉक्टरांना दाखवायचंच. टेप प्रत्येक घरात असते.

तिसरी पायरी: हात, तेल, जागा

नखं कापा. अंगठ्या, घड्याळ, टोचणाऱ्या बांगड्या काढा. हात साबणानं धुऊन एकमेकांवर घासून गरम करा. तुम्हाला सर्दी-खोकला असेल तर त्या दिवशी दुसऱ्या कुणाला बसवा.

तेल साधं खोबरेल पुरे. तिळाचंही चालतं. सुवासाचं, कापराचं, निलगिरीचं तेल किंवा बाम नको. केमोच्या दिवसांत वासानंच पोट ढवळतं आणि कातडी नाजूक झालेली असते. तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करा आणि आधी स्वतःच्या मनगटावर थेंब टाकून बघा. केमोनंतर काहींच्या हातापायांना मुंग्या आणि बधिरपणा येतो. त्यांना चटका बसलेला कळत नाही. म्हणून शेकाची पिशवी, वीट गरम करून शेकणं वगैरे अशा पायांना नकोच.

खानापूर-जांबोटीकडच्या पावसाळ्यात खोली ओलसर गार असते. दार-खिडकी लोटून घ्या, पण खोलीत शेगडीचा धूर करू नका. ज्या भागाला तेल लावताय तेवढाच उघडा, बाकी अंगावर वाकळ. पेशंटला पालथं झोपवायचं नाही. अर्धवट बसतं करून पाठीला उशा द्या, किंवा कुशीवर, दोन गुडघ्यांच्या मध्ये वाकळेची घडी ठेवून. नाकात नळी असेल तर नळीनं खाणं दिल्यावर तासभर जाऊ द्या आणि डोकं उंचच ठेवा.

केमोनंतरचे दोन दिवस उलटी, लघवी, घामानं भिजलेले कपडे हाताळताना हातमोजे घाला. कोरड्या अंगाला हात लावायला, जवळ घ्यायला भीती नाही. बाहेरून मशीननं रेडिएशन घेतलेल्या माणसातून किरण बाहेर येत नाहीत. थायरॉइडसाठी किरण सोडणाऱ्या आयोडिनचा डोस दिला असेल तर मात्र दवाखान्यात सांगतील तितके दिवस लांब राहायचं, तिथं मसाज नाही.

चौथी पायरी: जोर किती

शिकवायला सगळ्यात अवघड हेच, कारण आपल्या हातांना जोराची सवय आहे आणि पेशंटही "अजून जरा जोरात" म्हणत राहतो.

बेळगावच्या माणसाला मी मांड्याचं उदाहरण देते. पालथ्या मडक्यावरचा मांडा उचलताना हात कसा जातो, तो आठवा. पूर्ण तळवा आणि सगळी बोटं त्याखाली असतात, पण कुठंच टोक लागत नाही. अंगठा रुतला की मांडा फाटला. तसा हात. पूर्ण पंजा अंगावर टेकलेला, नुसती बोटांची टोकं नाहीत, आणि त्यात तुमच्या खांद्याचं वजन अजिबात नाही. स्वतःच्या हातावर करून बघा: कातडी हातासोबत सरकली पाहिजे, पण खालचा स्नायू जागचा हलला नाही पाहिजे. स्नायू हलला म्हणजे जोर झाला.

वेगही कमी. मनगटापासून कोपरापर्यंत हात जायला तुमचा एक पूर्ण श्वास लागला पाहिजे. भरभर फिरवलेला हात हलका असला तरी अंगाला कटकट वाटतो.

आणि पेशंटनं जास्त जोर मागितला तर? "डॉक्टरांनी एवढाच सांगितलाय," म्हणा. माझं नाव सांगा, मला दोष द्या, पण जोर वाढवू नका.

पाचवी पायरी: पंधरा मिनिटं

आधी विचारा. "आत्त्या, पायाला तेल लावू का?" नको म्हणाल्या तर नको. आजारात माणसाच्या अंगावर सगळ्यांचा हक्क झालेला असतो, डॉक्टर, सिस्टर, मशीन. नको म्हणायची एवढी एक जागा तरी त्याच्याकडं राहू द्या. दुखणं शून्य ते दहामध्ये किती, हेही विचारून वहीत लिहा.

सुरुवात नुसता हात ठेवून. दोन्ही पंजे पावलांवर किंवा हातांवर ठेवा आणि दहा श्वास होईपर्यंत हलवू नका. बरेच पेशंट इथंच डोळे मिटतात.

मग हात. सगळ्यात सुरक्षित आणि सगळ्यात उपयोगी भाग हाच, म्हणून नवख्यानं इथूनच शिकावं. पेशंटचा हात उशीवर ठेवा, खाली जुना टॉवेल. सलाईन लावल्यामुळं ज्या हाताच्या शिरा कडक, दुखऱ्या झाल्यात तो हात सोडा. तळहातात अर्धा चमचा तेल घेऊन आधी आपल्या दोन्ही हातांना चोळा, थेट त्यांच्या अंगावर ओतू नका. आपल्या दोन तळव्यांत त्यांचा पंजा धरा, जसं थंडीत पोराचा हात धरतो तसा. मग हाताच्या पाठीवरून मनगटाकडं तळवा सरकवा, चार-पाच वेळा. एकेक बोट मुळापासून टोकापर्यंत आपल्या मुठीत धरून अलगद सोडा. बोट ओढायचं नाही, कटकन वाजवायचं नाही. पंजा उलटा करा आणि तळहाताच्या मध्यावर अंगठ्याच्या पोटानं सावकाश गोल फिरवा. मनगटापासून कोपरापर्यंत पूर्ण पंज्यानं वर, आणि परत येताना हात नुसता हवेसारखा. मग दुसरा हात.

पाय याच पद्धतीनं: पाऊल, घोटा, पोटरीवरून गुडघ्यापर्यंत, दिशा नेहमी खालून वर. तळव्याला गुदगुल्या होतात म्हणून तिथं हात थोडा थांबवून ठेवा. केमोमुळं मुंग्या येत असतील तर काहींना हलका हातही आगीसारखा लागतो. तोंडाकडं बघत राहा. भुवई आकसली की थांबा.

डोक्याला चंपी नाही. केस गळालेलं डोकं फार हुळहुळं असतं. दोन्ही पंजे डोक्याच्या बाजूंना नुसते टेकवायचे, कपाळावरून कानाकडं दोनदा-तीनदा बोटं न्यायची, बास. पाठ करायची तर डॉक्टरांनी हाडं ठीक आहेत असं सांगितलेलं असेल तरच, कुशीवर झोपवून, मणक्याच्या दोन्ही बाजूंना, मणक्यावर नाही. पोटाला हात लावायचा नाही, विशेषतः यकृत किंवा प्लीहा वाढली असेल किंवा पोटात पाणी असेल तर.

एकूण दहा ते वीस मिनिटं. सुरुवातीला दहाच. संपलं की कोरड्या कापडानं तेल टिपून घ्या, आणि पावलांचं तर नक्कीच. तेलकट पाय आणि मोरीची ओली फरशी यांनी किती कंबरडी मोडलीत, ते मी पाहिलंय. ग्लासभर पाणी द्या, झोप लागत असेल तर झोपू द्या. उठल्यावर दुखण्याचा आकडा परत विचारा आणि वहीत लिहा. पुढच्या वेळी डॉक्टर विचारतील तेव्हा "बरं वाटतंय जरा" यापेक्षा ती वही जास्त बोलेल.

सोडायच्या जागा

रेडिएशन चालू असलेला भाग, समोरून आणि मागूनही, कातडी पूर्ण बरी होईपर्यंत. तिथं आखलेल्या खुणा तेलानं पुसल्या तर पुढची सगळी मापं अडतात. त्या भागाला तिथले डॉक्टर सांगतील तेच मलम, ते सांगतील त्याच वेळी. छातीतलं केमो-पोर्ट (औषध देण्यासाठी कातडीखाली बसवलेली डबी), औषधासाठी दंडात घातलेली नळी, संडास-लघवीसाठी पोटावर लावलेली पिशवी, भरत नसलेली जखम, आणि गळ्याचा पुढचा व बाजूचा भाग, जिथं मोठी रक्तवाहिनी जाते. दुखण्यासाठी कातडीवर औषधाचा पॅच लावला असेल तर त्यावर चोळणं आणि शेकणं दोन्ही नाही. उबेनं औषध एकदम जास्त अंगात जातं.

आपल्याकडं जास्त दिसणारे दोन पेशंट

निपाणी-चिकोडीचा पट्टा तंबाखूचा, आणि खाणारेही घरोघरी. तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट मला जास्त भेटतात. मानेतल्या लसिकागाठी काढल्यावर खांद्याकडं जाणारी नस दुखावली असेल तर हात वर होत नाही, खांदा उतरतो आणि तिथली ठणक मानेपर्यंत चढते. घरच्यांना ती ठणक चोळून घालवायची असते. पण तो खांदा मसाजनं नाही, व्यायामानं सुधारतो, आणि तो व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकायचा असतो. तोपर्यंत हाताला उशीचा आधार द्या आणि दुसऱ्या बाजूच्या हाताला, पावलांना तेल लावा. ऑपरेशनच्या वणावर तेल लावून सैल करायचं तर जखम पूर्ण भरून, खपली पडून, सर्जननं सांगितल्यावरच.

दुसऱ्या, स्तनाचं ऑपरेशन झालेल्या बायका. काखेतल्या लसिकागाठी काढल्या की त्या हातातलं पाणी वर जायची वाट अरुंद होते. सूज महिन्यांनी किंवा काही वर्षांनीही येऊ शकते. यंत्र लागत नाही, बांगडी सांगते. एका हातातल्या बांगड्या नेहमीसारख्या फिरतात आणि दुसऱ्या हातातल्या रुततात, ब्लाऊजची एकच बाही घट्ट होते. त्याच आठवड्यात दाखवा. त्या हाताला घरी तेलमालीश करून सूज "उतरवायला" जाऊ नका. सुजेचा जो खास मसाज असतो तो फार हलका असतो, कातडी जेमतेम ताणणारा, आणि सुरुवात हातापासून नाही तर मान आणि धडापासून होते, म्हणजे वरची वाट आधी मोकळी करायची. त्यासोबत पट्टी किंवा दाबाची बाही, व्यायाम आणि कातडीची काळजी लागते. शिकलेल्या फिजिओथेरपिस्टकडून तो शिकून मग घरी करता येतो. हात अचानक लाल, गरम झाला आणि ताप आला तर तो जंतुसंसर्ग आहे, तिथं औषधच लागतं.

बाहेरच्या माणसाला बोलावताना

हाडवैद्यावर आपल्या भागाचा मोठा विश्वास आहे. मुरगळलेला पाय घेऊन कोण कुठं जातं त्यात मी पडत नाही. पण कॅन्सरचा पेशंट हाडवैद्याकडं, किंवा जोरात रगडणाऱ्या पैलवानाकडं नेऊ नका, हे मी हात जोडून सांगते. कारण वर सांगितलंय: ते हाड आतून कसं आहे ते त्याला बोटांनी कळणार नाही.

मसाज सेंटरमध्ये वाफ, गरम तेलाची धार आणि खोल दाब देतात. उपचार चालू असताना तेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. कुणालाही बोलावलं तरी एक गोष्ट बघा. त्यानं हात लावायच्या आधी प्लेटलेट, हाडं, गुठळी, ऑपरेशन यांबद्दल विचारलं का? नाही विचारलं तर चहा पाजून पाठवा. दवाखान्याच्या फिजिओथेरपी विभागात जाऊन "घरच्या माणसाला शिकवा" म्हटलं तर सहसा शिकवतात. एक सून आणि एक मुलगा असे दोघं शिका, म्हणजे एकाच माणसावर भार येत नाही.

घरात कुणी बसायचं

यावर कुणी बोलत नाही, पण खरी अडचण इथंच असते. सासऱ्यांना सून कशी हात लावणार. बायकोचे पाय नवऱ्यानं कसे धरायचे, कुणी बघितलं तर. यावर वाद घालत बसू नका. नवऱ्याला हात धरू दे, पाय मुलगी बघेल. नातवाला आजोबांचा तळहात द्या. सहा वर्षांच्या पोराच्या हातात मुळातच जोर नसतो, त्याला काही शिकवावं लागत नाही. एका घरी नवरा चार दिवस दारातच उभा राहून बघत होता. पाचव्या दिवशी मी त्यांना खुर्ची दिली, तेलाची वाटी हातात दिली आणि स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले. परत आले तेव्हा बायकोचा हात त्यांच्या दोन हातांत होता आणि तेल वाटीत तसंच होतं. मीही मग काही सांगितलं नाही.

शेवटच्या दिवसांत

उपचार थांबले, पेशंट बहुतेक वेळ झोपेत आहे, खाणं उतरलंय, अशा वेळी घरचे विचारतात, आता तेल लावू की नको. आता चोळणं सोडा. पाठीच्या, टाचांच्या जागा दाबानं लाल झाल्या असतील तर तिथं अजिबात घासू नका, कूस बदलत राहा. ओठांना ओल्या कापसानं पुसून थोडं खोबरेल किंवा तूप लावा. हातपाय गार पडत असतील तर सैल मोजे घाला आणि वरून वाकळ टाका. दुखण्याचं औषध वेळच्या वेळी चालू ठेवा. आता बोलत नाहीत म्हणून दुखत नाही असं धरू नका. कपाळावर आठी दिसली, कण्हणं वाढलं तर डॉक्टरांना फोन करा.

हात लावायच्या आधी नाव किंवा नातं घेऊन सांगा, "आई, मी आहे, हात धरते." मग आपला तळवा खाली उताणा ठेवा आणि त्यांचा हात वर ठेवा, त्यांना पकडावं लागणार नाही असा. आपलं मनगट उशीवर टेकवून घ्या, म्हणजे आपला हात थकत नाही आणि लवकर काढून घ्यावा लागत नाही.